आत किती माणसं आहेत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या वृत्तपत्रात नालेसफाईच्या आणि मोठ्या भरतीच्या तारखांच्या बातम्या येऊ लागतात. साडेचार मीटरच्या वर भरती असणाऱ्या दिवसांची यादी मी दरवर्षी कापून ऑफिसातल्या माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवते. यंदाही ठेवली आहे. पण प्रत्येक ऑफिसात, कारखान्यात, गाळ्यात आणखी एक यादी हवी असं मला फार कळकळीनं वाटतं. आत्ता या घडीला इमारतीत कोण कोण आहे, त्यांच्या नावांची यादी. बहुतेक ठिकाणी ती नसते. त्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

मी कळव्याला राहते. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये काम करते, निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. त्याआधी दुसऱ्या एका कंपनीत होते. तिचं ऑफिस कुर्ला पश्चिमेला, मिठी नदीपासून फार लांब नसलेल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होतं. दुसऱ्या मजल्यावर आम्ही आणि तळमजल्याला मालाचा गाळा.

२६ जुलै २००५, मंगळवार. जेवणाच्या सुट्टीनंतर आभाळ असं काही भरून आलं की ट्यूबलाइट लावूनही लेजरमधले आकडे नीट दिसेनात. तीनच्या सुमारास गेटसमोरचा रस्ता पाण्याखाली गेला. लवकर सोडायचं तर फोर्टातल्या हेड ऑफिसची परवानगी लागायची, म्हणून मॅनेजरांनी तिकडे फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, ‘इथे तर विशेष काही नाही. महिनाअखेर आहे, स्टेटमेंट पूर्ण करून निघा.’ ते खोटं बोलत नव्हते. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि फोर्टाजवळच्या कुलाब्याला ७३. शहर एकच, पण फोर्टातल्या माणसानं स्वतःच्या खिडकीतून बघून कुर्ल्यातल्या माणसांचं ठरवलं. पाचनंतर फोन लागेनासे झाले आणि मग ठरवणारं कुणी राहिलंच नाही. ज्याला त्याला जे सुचलं ते त्यानं केलं. काही जण कमरेइतक्या पाण्यातून चालत जायला निघाले, पण जिन्याच्या तोंडाशी जाऊन परत आले.

आम्ही रात्री वरच थांबलो. मॅनेजरांनी मस्टर काढलं आणि मेणबत्तीच्या उजेडात एकेक नाव घेऊन हजेरी घेतली. सकाळच्या सह्या ३१, समोर माणसं ३१. सगळ्यांना हायसं वाटलं. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. रात्री आठच्या पुढे एक जण म्हणाले, ‘घोटभर चहा मिळाला असता तर बरं झालं असतं.’ आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की चहा करणारा पोरगा दुपारपासून दिसलेला नाही.

एकोणीस-वीस वर्षांचा, कोकणातला मुलगा. कॅन्टीनच्या कंत्राटदाराचा माणूस, म्हणून आमच्या मस्टरवर त्याचं नाव नव्हतं. साडेतीनला त्याला खालच्या गाळ्यात पाठवलं होतं, व्हाउचरचे खोके जमिनीवरून उचलून फळीवर ठेवायला. पाठवणारी मीच होते. ऑडिट जवळ आलं होतं, कागद भिजले तर काय उत्तर द्यायचं याची मला धास्ती. ‘जा रे बाळा, तेवढे खोके वर ठेवून ये,’ असं म्हणाले आणि नंतर पाण्याच्या गडबडीत साफ विसरून गेले. हजेरी घेतली तेव्हाही आठवलं नाही, कारण जी नावं वाचली गेली त्यांत त्याचं नाव नव्हतंच.

दोघे जण माल बांधायची नायलॉनची दोरी कमरेला बांधून खाली गेले. पाणी जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत चढलेलं होतं. त्याखाली गाळ्याचं शटर. त्यांनी हाका मारल्या, जिन्याच्या कठड्यावर लोखंडी पाइपानं ठोकलं. काही उत्तर आलं नाही. ती रात्र मी कशी काढली ते लिहीत नाही.

सकाळी पाणी उतरायला लागलं तेव्हा तो सापडला, शेजारच्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर, तीन हमालांच्या सोबत. शटर अडकल्यावर मागच्या खिडकीची जाळी उचकटून तो बाहेर पडला होता. दोन्ही तळव्यांना खोल चिरा पडल्या होत्या. मला बघून पहिलं वाक्य काय बोलला, तर ‘ताई, सगळे खोके नाही वाचवता आले.’

देवाच्या कृपेनं तो वाचला. पण साडेतीन ते आठ, असे साडेचार तास एक माणूस बेपत्ता होता आणि आमची मोजणी बरोबर होती. हे मला आजही विसरता येत नाही.

आता सध्याच्या ऑफिसकडे येते. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. १९४४ साली याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले मुंबईचे ६६ अग्निशामक जवान त्यात गेले, त्यांची ती आठवण. त्या सप्ताहात आमच्याकडेही मॉक ड्रिल झालं. मी चौथ्या-पाचव्या मजल्याची वॉर्डन, म्हणजे बेल झाली की मजला रिकामा करून घेणारी. तशी नेमणुकीची मेल आहे माझ्याकडे. वॉर्डनचं नारिंगी जॅकेट मात्र अॅडमिनच्या कपाटात कुलपाखाली असतं.

ड्रिल साडेअकराला होणार, हे आदल्या दिवशी सगळ्यांना कळवलेलं होतं. त्यामुळे बेल झाली तेव्हा माणसं पर्स, मोबाइल, कुणी डबासुद्धा घेऊन निघाली. काही जण लिफ्टनं उतरले. खाली पंचिंग मशीनचा प्रिंट घेऊन मोजणी झाली, ११२ पैकी ११२, नऊ मिनिटांत. बॅनर धरून फोटो काढले. आमच्या विभागातले एक सहकारी कुबड्या घेऊन चालतात. त्यांना वरच बसवून ठेवलं होतं, ‘तुम्हाला कशाला उगाच त्रास,’ असं अगदी प्रेमानं सांगून. खालच्या यादीत मात्र त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण होती.

फोटो झाल्यावर मी चष्मा आणायला वर गेले. पाचव्या मजल्यावर लेडीज टॉयलेटमध्ये आमच्या मावशी लादी पुसत होत्या. (वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत, पण हाउसकीपिंगच्या सगळ्यांना ऑफिसात मावशीच म्हणतात.) मला विचारलं, ‘मॅडम, आज मीटिंग आहे का खाली? मजला रिकामा झाला सगळा.’ मी म्हटलं, ‘मावशी, बेल ऐकली नाहीत?’ तर म्हणाल्या, ‘ऐकली की. मला वाटलं लिफ्ट बिघडली.’

माझे हातपाय गार पडले. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिल कंपाउंडमध्ये आग लागली आणि १४ जण गेले. त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात सापडले, धुरानं गुदमरलेले. त्याच्या अकराच दिवस आधी, १८ डिसेंबरला, खैरानी रोडवर फरसाणाच्या दुकानाला आग लागून १२ कामगार गेले. खैरानी रोड आमच्या ऑफिसपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. त्या भागात शेकडो गाळे आहेत आणि त्यांतल्या कितीतरी गाळ्यांत माणसं काम करतात तिथेच झोपतात. रात्री दोन वाजता आत किती माणसं आहेत, हे अशा ठिकाणी बाहेरच्या कुणाला ठाऊक असणार?

ड्रिलच्या वेळी अग्निशमन दलाचे एक अधिकारी आले होते. त्यांनी सिलिंडर वापरून दाखवला. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर दाबाचा काटा नसतो, तो भरलेला आहे की नाही हे वजन करूनच कळतं, हे मला त्यांच्याकडून पहिल्यांदा समजलं. मी त्यांना विचारलं, ‘साहेब, तुम्ही आग लागलेल्या जागी पोहोचता तेव्हा पहिल्यांदा काय विचारता?’ ते म्हणाले, ‘आत कुणी आहे का, किती जण, कुठल्या मजल्यावर. याचं उत्तर बाहेर उभ्या असलेल्या दहा माणसांकडून दहा प्रकारचं येतं. मग आमची पोरं धुरात सगळा मजला शोधत फिरतात. कधी कधी आत कुणीच नसतं.’ म्हणजे यादी नसली तर आतल्या माणसाच्या जिवाला धोका आहेच, त्याला शोधायला शिरणाऱ्या जवानाच्याही जिवाला आहे.

हे सगळं लेखी नाही असं समजू नका. आमच्याकडे आपत्ती व्यवस्थापनाची चाळीस-पंचेचाळीस पानांची स्पायरल फाइल आहे. पूर, आग, भूकंप, चक्रीवादळ, गॅसगळती, सगळं आहे त्यात. ड्रिलनंतर मी ती मागून घेतली आणि दोन दिवस बसून वाचली. संपर्कासाठी दिलेल्या सहा जणांपैकी तिघे कंपनी सोडून गेलेले. जमायची जागा म्हणून जे पार्किंग दाखवलं आहे, तिथे पावसात सगळ्यात आधी पाणी भरतं, म्हणजे ती जागा आगीला चालेल, पुराला नाही. बाहेर पडायच्या दोन जिन्यांपैकी मागच्या जिन्यावर मी स्वतः जाऊन पाहिलं. चौथ्या मजल्याच्या वळणावर मोडक्या खुर्च्या, पाण्याचे वीस लिटरचे रिकामे जार आणि ऑफिसच्या गणपतीचं मखर. आणि जिन्याचं दार, जे नेहमी बंद असायला हवं म्हणजे जिन्यात धूर शिरणार नाही, ते हवा यावी म्हणून उघडं ठेवलेलं. त्याला अडसर म्हणून लावला होता आगीचाच सिलिंडर.

त्या सिलिंडरवर नंबर होता, तपासणीच्या तारखेचं स्टिकर होतं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून बी फॉर्म, म्हणजे ती चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. आमचा फॉर्म वेळेवर जातो, त्याचं बिल मीच पास करते. सिलिंडर, होज रील, स्प्रिंकलर, सगळ्याची वर्षातून दोनदा मोजदाद होते. मावशींचं नाव मात्र आमच्या इमारतीत एकाही कागदावर नव्हतं. कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडे होतं आणि तो दिवसातून एकदा येतो. गेटवर पाहुण्यांचं रजिस्टर आहे, तेही चाळलं. आत येणाऱ्यांच्या सह्या पानभर, ‘आउट’चा रकाना जवळजवळ कोरा. त्या रजिस्टरवर विश्वास ठेवायचा तर गेल्या सहा महिन्यांत आलेली शेकडो माणसं अजून आमच्या इमारतीतच बसलेली आहेत.

पावसाचं तर वेगळंच. २५ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी आम्हाला सहाला सोडलं तेव्हा रस्त्यावर पाणी आलेलं होतं. मी रात्री दीडला घरी पोहोचले. त्याच रात्री आमच्या एमआयडीसीत, सीप्झजवळ, पंचेचाळीस वर्षांची एक बाई उघड्या गटारात पडून गेली. ती आमच्या ऑफिसातली नव्हती. पण त्या भागात तशा पाण्यातून त्या वेळी चालणाऱ्या आम्ही कितीतरी जणी होतो. दुपारी तीनलाच सोडलं असतं, नाहीतर सरळ ‘आज इथेच थांबा’ असं सांगून पाणी, बिस्किटं, चादरींची सोय केली असती, तर दोन्ही चाललं असतं. पाणी भरल्यावर सोडणं हे सगळ्यात वाईट आणि नेमकं तेच दरवेळी होतं, कारण सोडायचं कधी हे कुठे लिहिलेलं नसतं. साहेबांच्या तोंडाकडे बघत बसायचं. साहेब पुण्यात असतील तर पुण्याच्या आभाळाकडे.

१९ ऑगस्ट २०२५ ला पालिकेनं सरकारी, निमसरकारी कार्यालयांना सुट्टी दिली आणि खासगी कंपन्यांना घरून काम करू द्या असं सांगितलं. चांगला निर्णय होता. आम्ही लॅपटॉप उघडून घरी बसलो. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा कळलं की मावशी आदल्या दिवशी घाटकोपरहून निम्मी वाट चालत ऑफिसला आल्या होत्या. त्यांना घरून काम कुठलं? न यावं तर खाडा पडतो, दिवसाचे पैसे जातात. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या भाऊंचा रिलीव्हर आलाच नाही, ते छत्तीस तास ड्यूटीवर होते. म्हणजे इमारत बंद आहे असं आम्ही सगळे समजत होतो, तेव्हा आत माणसं होतीच. फक्त आमच्या हिशेबात नव्हती.

म्हणून माझं मालकांना, मॅनेजरांना आणि पालिकेलाही हात जोडून सांगणं आहे. तपासणीच्या वेळी सिलिंडरबरोबर माणसांची यादीही मागा. जो कुणी छताखाली आहे, मग पगार कुणीही देवो, त्याचं नाव त्यात असलं पाहिजे. कुबड्या घेऊन चालणाऱ्या, गरोदर असलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला कोण दोघे खाली आणणार, त्यांची नावं आधी ठरलेली असली पाहिजेत आणि ड्रिलमध्ये त्या माणसाला खरोखर खाली आणून बघितलं पाहिजे. ‘निघा’ किंवा ‘थांबा’ म्हणायचा अधिकार त्या जागेवर हजर असलेल्या माणसाला हवा, फोर्टातल्या किंवा पुण्यातल्या नाही. रेड अलर्टच्या दिवशी दुपारी भरती असेल तर किती वाजता सोडायचं हे मे महिन्यातच कागदावर यावं आणि त्या दिवशी कंत्राटी माणसाचा खाडा धरला जाऊ नये. नाहीतर अग्निशमन दलाचा १०१ आणि पालिकेचा १९१६ हे नंबर भिंतीवर कितीही मोठ्या अक्षरांत लिहा, ऐन वेळी फोन करणाऱ्याला आत कोण अडकलंय हेच सांगता येणार नाही.

मुक्काम करावा लागला तर काय, यावरही थोडं. २००५ ला इस्टेटच्या जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं होतं आणि पंप बंद. नळाचं पाणी पिऊ नका हे सांगायला कुणी नव्हतं, आठवडाभर निम्मं ऑफिस आजारी होतं. प्यायचं पाणी बंद बाटल्यांत वरच्या मजल्यावर असावं. बायकांसाठी पॅड असावेत. हे लिहायला संकोच वाटतो खरा, पण फाइल बनवणाऱ्या पुरुषांना ते सुचलेलं नाही. बीपीच्या, साखरेच्या दोन दिवसांपुरत्या गोळ्या ज्यानं त्यानं ड्रॉवरमध्ये ठेवाव्यात. आणि जो पुराच्या पाण्यातून चालून आला असेल त्यानं ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावं, लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा ताप). पायाला जखम असेल तर नक्कीच.

माझे वडील लालबागला गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. त्यांचा पितळी बिल्ला अजून आमच्या देव्हाऱ्याच्या खणात आहे. वडील सांगायचे, खात्यात शिरताना बिल्ला फळीवर टांगायचा, सुटताना काढायचा. फळीकडे बघितलं की आत कोण आहे ते कळायचं. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, पंचिंग मशीन नव्हतं.

मे महिन्यापासून आम्ही गेटवर एक वही सुरू केली आहे. अॅडमिनच्या साहेबांनी आधी नको म्हटलं, मग मी कुर्ल्याची गोष्ट सांगितली तेव्हा ऐकलं. दीडशे पानी फुलस्केप वही. कंपनीचे, कंत्राटाचे, पाहुणे, कुरियरवाले, एसी दुरुस्तीला आलेले, सगळे एकाच वहीत. बेल झाली की सिक्युरिटीवाल्या भाऊंनी सगळं सोडून ती वही घेऊन बाहेर पडायचं, एवढंच त्यांचं काम. पहिल्या आठवड्यात दुपारी तीनला मोजलं तेव्हा आत १४१ माणसं निघाली. आम्ही ११२ धरून चाललो होतो.

कुणाला अशी वही सुरू करायची असेल तर आखणी सांगते. नाव, कुठल्या मजल्यावर, आत आल्याची वेळ, गेल्याची वेळ, आणि घरच्या एका माणसाचा फोन. गेल्याच्या वेळेचा रकाना नावाला लागूनच डावीकडे आखा. आधी आम्ही तो शेवटी ठेवला होता, पण तिथे कुणी भरत नाही.

आपली,
एक वाचक, कळवा

(अजून नोकरीत आहे, त्यामुळे नाव छापू नये ही विनंती.)